क्षेत्रपाहणीचे मूल्यमापन आणि प्रतिकूल निष्कर्ष

इंग्लंडमधील ‘ए लेव्हल’च्या भूगोल अभ्यासक्रमात २०१६ साली स्वतंत्र क्षेत्र-अन्वेषणाचा अंतर्भाव झाला आणि २०१८ साली त्याचे पहिले मूल्यमापन झाले. एकूण गुणांपैकी २० टक्के गुण या अन्वेषणास आहेत. अभ्यासकाळात किमान चार दिवस क्षेत्रकार्य व्हावे आणि अहवाल सुमारे ३,००० ते ४,००० शब्दांचा असावा, अशी अपेक्षा आहे. सामग्री गटाने जमविण्यास मुभा आहे. विश्लेषण मात्र ज्याचे त्याने करावयाचे. पाठांतराऐवजी शोधवृत्ती पारखण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह होय. तथापि या मूल्यमापनात नेमकी पारख कशाची होते, हा प्रश्न उरतोच.

‘ए.क्यू.ए.’ या परीक्षामंडळाच्या योजनेत एकूण ६० गुणांपैकी प्रस्तावनेस १०, क्षेत्रपद्धतींस १५, विश्लेषणास २० आणि निष्कर्ष, परीक्षण व मांडणी यांस १५ गुण आहेत. ही विभागणी परीक्षकास सोयीची आहे. परंतु चारही भाग सुटे वाचले, तर प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत जाणारे विचारसूत्र दृष्टीआड होण्याचा संभव असतो.

यॉर्कशरमधील होल्डरनेसचा किनारा उदाहरणादाखल घेता येईल. मॅपल्टन येथे १९९१ साली किनाऱ्याशी काटकोनात दोन दगडी बंधारे घालण्यात आले. वाळूचे वहन दक्षिणेकडे होत असल्यामुळे बंधाऱ्यांच्या उत्तरेस पुळण रुंद आणि दक्षिणेस अरुंद असावी, हे पाठ्यपुस्तकी अनुमान. समजा, एका विद्यार्थ्याच्या मोजणीतून हेच अनुमान सिद्ध झाले, तर दुसऱ्यास उत्तरेकडील पुळणही खालावलेली आढळली. या किनाऱ्यावर ‘ऑर्ड’ नावाचे पुळणीचे सखल पट्टे दक्षिणेकडे सरकत असतात. असा पट्टा त्या वेळी तेथे असल्यास मोजणी अचूक असूनही अनुमान फसते. दुसऱ्या विद्यार्थ्याने ही शक्यता ओळखून, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली असेल, तर भूगोलदृष्ट्या त्याचेच काम अधिक मोलाचे ठरते. याउलट, ‘वेळ अधिक मिळता तर निष्कर्ष सुधारता’ एवढेच लिहून तो थांबला असेल, तर ते परीक्षण नव्हे. तो केवळ उपचार होय.

हा भेद गुणांत उमटला नाही, तर त्याचे परिणाम पुढील विद्यार्थ्यांवर होतात. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न निवडणे त्यांस सुरक्षित वाटू लागते आणि क्षेत्रकार्य केवळ पडताळ्याचे साधन बनते. म्हणून परीक्षकाने प्रथम प्रश्न आणि निष्कर्ष एकत्र वाचावेत. पुराव्याने निष्कर्षाचा भार पेलला आहे किंवा नाही हे ठरवावे. मगच भागवार गुण द्यावेत. महाराष्ट्रातील विद्यापीठांतही भूगोलाच्या विद्यार्थ्यांस क्षेत्रपाहणीचे अहवाल लिहावे लागतात. अहवालाची नेटकी बांधणी आणि नकाशांचे रंगकाम यांपलीकडे जाऊन, न जुळलेल्या आकड्याचे विद्यार्थ्याने काय केले, हे पाहण्याची शिस्त तेथेही तितकीच अगत्याची आहे.