चुकलेला माणूस अर्ज करत नाही : लंडनच्या पाट्या आणि आपला रिसर्च प्रश्न

एखादं सरकारी धोरण अभ्यासाला घेतलं की आपण आधी त्याची उद्दिष्टं वाचतो. ती छानच असतात. सगळ्यांचं भलं, सुरक्षितता, पर्यटनाला चालना वगैरे. माझा सल्ला उलटा आहे. आधी व्याख्या वाचा, मग अर्ज कोण करतो आणि पैसे कोण भरतो ते बघा. धोरण खरं काय करतं ते तिथे कळतं. आज उदाहरण म्हणून लंडनमधल्या पर्यटनस्थळांच्या दिशादर्शक पाट्या घेऊ. विषय बारीक वाटेल, पण सिनॉप्सिस लिहिताना होणारी एक मोठी चूक त्यात स्पष्ट दिसते.

ब्रिटनमध्ये पर्यटनस्थळाकडे नेणारी पाटी तपकिरी असते आणि तिच्यावर पांढरी अक्षरं असतात. १९८६च्या सुमारास केंट परगण्यात सुरुवात झाली आणि मग ती देशभर पसरली. आपल्याकडच्या महामार्गांवरही पर्यटनाच्या पाट्यांना हाच रंग आहे, त्यामुळे चित्र डोळ्यांसमोर येईल. आता तिथली व्याख्या बघा. वाहतूक चिन्हांच्या नियमांनुसार पर्यटनस्थळ म्हणजे, थोडक्यात, जिथे बाहेरून लोक येतात आणि जे नेहमीच्या वेळेत आगाऊ बुकिंग न करता सर्वांना खुलं असतं.

वाचायला सरळ आहे. पण 'आगाऊ बुकिंग न करता' हे शब्द पुन्हा वाचा. एखाद्या जुन्या घरातलं छोटं संग्रहालय आधी वेळ ठरवून दहा-दहा जणांनाच आत सोडत असेल, तर ते या व्याख्येत बसत नाही. तिथे जाणारा पाहुणा मात्र तितकाच रस्ता चुकतो. म्हणजे व्याख्या स्थळाचा कारभार तपासते. वाट सापडायला किती अवघड आहे, हे त्यात कुठेच येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ही ऑपरेशनल डेफिनिशन आहे आणि ती मोजायचं सोडून भलतंच मोजते.

पुढची पायरी अर्जाची. पाटी हवी असेल तर अर्ज त्या स्थळाच्या मालकाने किंवा चालकाने करायचा. पाटीचं डिझाइन, ती बनवणं, उभी करणं हा खर्चही साधारणपणे त्याचाच. लंडनमध्ये मुख्य रस्ते शहराच्या वाहतूक संस्थेकडे, म्हणजे ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे आहेत, आणि बाकीचे रस्ते त्या त्या बरोच्या परिषदेकडे. वाट दोघांच्या हद्दीतून जात असेल तर दोन्हीकडे परवानगी. ज्याच्याकडे पैसा आणि कागदपत्रं करणारा माणूस आहे, त्याला हे जमतं. शिवाय धोरण सांगतं की पाटी वाट दाखवण्यासाठी आहे, जाहिरातीसाठी नाही. मग ती मागण्याचा हक्क फक्त जाहिरातीत रस असलेल्यालाच कसा? चौकात गोंधळून उभा असलेला माणूस अर्ज करत नाही. त्याची गरज या पद्धतीत कुठल्याच टेबलावर पोचत नाही.

धोरणाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर ते परीक्षण होत नाही. मर्यादा हवीच. एका खांबावर पंधरा नावं लावली तर गाडी चालवणारा एकही वाचू शकणार नाही. आणि खासगी थीम पार्कच्या पाटीचा खर्च करदात्याने का उचलावा, हा प्रश्नही रास्त आहे. माझा आक्षेप मर्यादेला नाही, ती कुठल्या कसोटीवर घातली याला आहे.

त्याच शहरात दुसरी पद्धतही आहे. 'लिजिबल लंडन' ही पायी चालणाऱ्यांसाठीच्या पाट्यांची योजना. तिच्या तयारीसाठी २००६ साली झालेल्या अभ्यासात मध्य लंडनमध्ये पादचाऱ्यांसाठी ३२ वेगवेगळ्या प्रकारच्या पाट्या असल्याचं दिसलं. शिवाय बरेच लोक पायी फिरतानाही ट्यूबचा नकाशा वापरत होते. तो नकाशा अंतरं खरी दाखवतच नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे, तरी लोक त्यासाठी जमिनीखाली उतरतात. २००७मध्ये बॉण्ड स्ट्रीट परिसरात पहिला प्रयोग झाला. या पाट्यांवरच्या नकाशात वरची बाजू उत्तर नसते, तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे असता ती असते. चालत पाच मिनिटांत कुठवर जाता येईल याचं वर्तुळही काढलेलं असतं.

फरक लक्षात आला? तपकिरी पाटीसाठी विश्लेषणाचं एकक आहे 'स्थळ', लिजिबल लंडनसाठी 'माणूस जिथे अडतो ती जागा'. पहिला प्रश्न विचारतो, कोण पात्र आहे? दुसरा विचारतो, कुठे गोंधळ होतो? माझ्या मते दुसरा प्रश्न बरोबर आहे, आणि गाड्यांच्या रस्त्यांसाठीही सुरुवात तिथूनच व्हायला हवी. लिजिबल लंडनही निर्दोष नाही. नकाशावर कुठली इमारत ठसठशीत काढायची आणि कुठली नुसती करडी ठेवायची, हा निर्णय तिथेही कुणीतरी घेतोच. पण निदान त्याचा पहिला डेटा रस्त्यावरून आलाय, अर्जांच्या फाइलीतून नाही.

आता कुणी म्हणेल, मोबाइल आल्यावर पाट्यांचं काय घेऊन बसलात? मुद्दा उलट धारदार होतो. मोबाइल ठिकाणाच्या दारापर्यंत नेतो, पण नाव आधी माहीत असावं लागतं. ज्या जागेचं नाव कुणाला ठाऊक नाही तिला पाटीची गरज जास्त, आणि अर्जाच्या पद्धतीत तीच मागे पडते.

समजा तुम्हाला या पाट्यांचा उपयोग मोजायचाय. सहज सुचणारा मार्ग म्हणजे स्थळाच्या गेटवर उभं राहून विचारायचं, 'पाटी उपयोगी पडली का?' इथेच घात होतो. गेटवर फक्त पोचलेले लोक भेटतात. जे चुकले, कंटाळून परत गेले, ते सॅम्पलमध्ये नाहीतच. त्यामुळे उत्तर नेहमी गोडच येणार.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. माझ्या सिनॉप्सिसचा पहिला खर्डा विहिरींच्या पाण्यावर होता. ज्या विहिरींतून पाणी मिळालं त्यांचे नमुने, त्यांचे आलेख, सगळं नीट मांडलेलं. गाईड सरांनी एकच विचारलं, "आटलेल्या विहिरी कुठे आहेत?" माझ्याकडे त्यांची साधी यादीही नव्हती. निष्कर्ष मात्र मी अख्ख्या तालुक्याबद्दल लिहिले होते. ते सहा महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

तेव्हा तुमच्या विषयाचं धोरण असो नाहीतर पेपर, तीन गोष्टी वहीत लिहा. व्याख्येने कुणाला बाहेर ठेवलं? मोजमापाचं एकक कुणाच्या सोयीने ठरलं? आणि डेटा गोळा केला त्या ठिकाणी कोण पोचूच शकलं नाही? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर अजून फील्डवर जाऊ नका. आधी त्या न पोचलेल्यांची यादी करा, अर्धवट असली तरी चालेल.