केस सांगून झाली, आता गाणं ऐका

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या पट्टीच्या मिलमध्ये मी रोलवर उभा असतो. रात्रपाळीत एवढा आवाज की शेजारच्याला शिवी दिली तरी ऐकू जात नाही. आवाज काय चीज असते, हे मी तिथंच शिकलो. समीक्षेची पुस्तकं नंतर वाचली, तीही अर्धीच.

वस्तीतली पोरं रॅप करतात. त्यातल्या एकानं मला मोबाईलवर रोक्झॅन शांटे ऐकवली. न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिजच्या सरकारी इमारतींतली काळी पोरगी. 1984 साली पोरांच्या एका कंपूनं रोक्झॅन नावाच्या, भाव न देणाऱ्या पोरीवर गाणं काढलं. ही 14 वर्षांची. तिनं तेच नाव स्वतःला लावलं अन् पोरांना उलटा जवाब ठोकला. आपल्याकडं कव्वालीत सवाल-जवाब रंगायचा, तसाच. पोरगं तिचं चरित्र सांगत बसलं नाही. ती यमक कुठं मारते, शब्द कुठं तोडते, एवढंच दाखवत होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण 14 एप्रिलला आमच्या गल्लीत मी शाहीर शीतल साठेंचं आईवरचं गाणं लावलं, अन् लावायच्या आधी माइक धरून भाषण ठोकलं. पुण्याची कासेवाडी. 2002 च्या गुजरातनंतर उभा राहिलेला कबीर कला मंच. 2011 ला मंचावर नक्षलवादाचा आळ, यूएपीए, मग भूमिगत होणं. 2 एप्रिल 2013 ला त्या अन् सचिन माळी विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. शरण नाही, सत्याग्रह म्हणाले. बाई दिवसांत होत्या. जूनमध्ये हायकोर्टाचा जामीन. माळींना मात्र 2017 उजाडलं... मी रंगात आलो होतो. मागून माय वरडली, "आरं, गाणं लाव की आता!"

मित्रहो, आपण सगळे हेच करतो. विलास घोगरेंचंही हेच केलं. 11 जुलै 1997 ला रमाबाई नगरात गोळीबार, 10 माणसं मेली, चार दिवसांनी घोगरेंनी फास घेतला. हे पाठ आहे. त्यांच्या एकतारीवर चार ओळी लिहिल्यात कुणी? आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड'मध्ये घोगरेही धरले अन् शीतल साठेही. पिक्चर पाहून आलेले लोक पुन्हा केसचंच बोलतात.

तर गाण्याचं बोलू. गळा उघडा आहे, वरच्या पट्टीतला, अन् तरी चिरकत नाही. आईवरच्या गाण्यात त्या रडत नाहीत, हे महत्त्वाचं. सूर ओढून धरतात, मग शब्द असा टाकतात की जणू डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं. माय म्हणाली, "जात्यावर बसल्यावानी म्हणती." एवढी नेमकी समीक्षा मला जमलेली नाही.

आता कडू. घोषणांच्या गाण्यांत सगळे मिळून पालुपद उचलतात, तिथं हा गळा बुडतो. पत्रक चालीत वाचल्यासारखं होतं. एक मित्र चिडला, "ज्या बाईनं एवढं सोसलं तिच्यात चुका काढतोस?" काढतो. पुरुष शाहिराच्या चाली आपण रात्ररात्र भांडून फाडतो ना? बाई आली की हात जोडायचे अन् बाजूला व्हायचं. ही भक्ती झाली. भक्तीत गाणं कोण ऐकतो, च्यायला?

परवा त्या रॅपवाल्या पोराला मी तेच गाणं ऐकवलं. ह्या खेपेला कासेवाडी नाही, कोर्ट नाही, काही सांगितलं नाही. तो कान लावून बसला. संपल्यावर म्हणाला, "भाऊ, ही श्वास कुठं घेती?"

मला सांगता आलं नाही. परत लावलं.