ख्रिस्तपुराणांतील शेजारधर्म
फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणावर (इ. स. १६१६) लिहिणारे बहुधा त्यांतील मराठीच्या स्तुतीपाशींच थांबतात, देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीति हा त्याचा गाभा अलक्षित राहतो. आमच्या मतें खरी कसोटी तेथेंच आहे. साष्टींतील देवळें १५६७ च्या सुमारास पाडलीं गेलीं, जुन्या पुराणांस बंदी झाली. म्हणून नवख्रिस्ती ब्राह्मण नवें पुराण मागतो, असें ग्रंथांतच आहे. शेजाऱ्याची ही भूक त्याच्याच ओवीनें भागविली, ही प्रीतिच होय. परंतु ती भूक स्वधर्मीयांच्याच सत्तेनें उत्पन्न केली होती, हें विसरतां येत नाहीं. या प्रीतीची परिभाषा ठरविण्यास १९०७ ची मंगळूरची रोमन आवृत्ति एकटी पुरत नाहीं. लंडन येथील मार्सडेन संग्रहाच्या देवनागरी पोथींत पोर्तुगीज संज्ञांच्या जागीं संस्कृत शब्द आढळतात. दोन्ही पाठ ताडून पाहिले पाहिजेत.