सात अब्ज वर्षांचा मथळा

मागच्या वेळी आपण अशनींचे प्रकार पाहिले. आज एका मथळ्याची चिकित्सा करू.

जानेवारी २०२० मध्ये बातमी झळकली: पृथ्वीवरचा सर्वांत जुना घन पदार्थ सापडला, वय सात अब्ज वर्षं! हा पदार्थ म्हणजे १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसनजवळ पडलेल्या अशनीतले सिलिकॉन कार्बाइडचे कण. फिलिप हेक आणि सहकाऱ्यांचं हे काम भक्कम आहे. माझा आक्षेप आहे तो ते सांगण्याच्या पद्धतीवर.

हे कण सूर्य जन्मण्याआधीच्या ताऱ्यांभोवती तयार झाले. अवकाशात भटकताना वैश्विक किरणांच्या माऱ्यानं त्यांच्यात निऑन-२१ साठत गेला. रिक्षाचं मीटर समजा ना! ४.६ अब्ज वर्षांपूर्वी कण खडकात गाडले गेले आणि मीटर जवळपास थांबलं.

आता बघा, तपासले ४० कण. बहुतेकांचं वय ४.६ ते ४.९ अब्ज वर्षं, म्हणजे सूर्यापेक्षा थोडेच जुने. साडेपाच अब्जांच्या पुढे गेलेले मोजकेच. मथळ्यानं टोकाचा आकडा उचलला. पण खरा शोध या गर्दीतच दडलाय! इतके कण एकाच सुमारास का आले? लेखकांचं अनुमान असं, की सुमारे सात अब्ज वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांचा जन्मदर वाढला होता. ते तारे म्हातारे झाले, तेव्हा त्यांनी ही धूळ सोडली. हे बातमीच्या गडबडीत हरवलं.

दुसरी गोष्ट. हे कण मिळतात कसे? एडवर्ड अँडर्स यांच्या शिकागोतल्या गटानं रूढ केलेली पद्धत अशी: सुई शोधायला गवताची गंजीच जाळायची. म्हणजे अशनी तीव्र आम्लांत विरघळवायचा आणि उरेल ते तपासायचं. १९८७ मध्ये याच वाटेनं हिऱ्याचे आणि सिलिकॉन कार्बाइडचे कण हाती आले. पद्धत थोरच! पण आम्लात ताऱ्यांकडचे सिलिकेट कणही विरघळून जात होते. ते सापडले या शतकात, नॅनोसिम्स यंत्रानं अशनी न विरघळवता तपासल्यावर. शिवाय हे ४० कण मुद्दाम मोठे निवडलेले. नेहमीचे कण याहून खूप बारीक असतात.

म्हणून पुढच्या वेळी ‘सर्वांत जुना’ असं वाचलंत, तर दोन प्रश्न विचारा: कितींपैकी? आणि चाळणीतून काय गळून गेलं?