लोकरीचा रंग आणि आपला कपडेपट

ऐतिहासिक नाटक-चित्रपटांच्या वेशभूषेवर आपल्याकडे बोलणे होते ते पैठणी, जरीकाठ आणि पगडीच्या पिळाविषयी. लोकर कुणाच्या खिजगणतीत नसते. पण जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी झालेली लढाई उद्या कुणी रंगमंचावर आणायची म्हटली, तर सगळ्यात आधी अडेल ते लोकरीच्या कापडाशीच.

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातल्या त्या लढाईतला लाल डगला म्हटले की आपल्याला गोरा सोल्जर दिसतो. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोनच होत्या, 74वी आणि 78वी हायलंडर. उरलेल्या पाच मद्रासी शिपायांच्या, आणि डगले त्यांचेही लालच. शिवाय तो लाल एक नव्हता. साध्या गोऱ्या सैनिकाची बनात, म्हणजे डगल्याचे दाट लोकरी कापड, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांत रंगवलेली, विटकरीकडे झुकणारी. अधिकाऱ्याची कोचिनील किड्याच्या रंगातली, कथलाच्या क्षाराने चेतवलेली, लखलखीत. हुद्दा लांबूनच ओळखू यायचा. गळपट्टी आणि बाह्यांच्या पट्ट्या 74व्या पलटणीच्या पांढऱ्या, 78वीच्या फिकट बदामी. त्यात आधीचा पावसाळा आणि दख्खनचे ऊन. कूच करत आलेल्या माणसाचा डगला शिंप्याने दिला त्या रंगाचा राहिला असेल हे संभवत नाही.

आपल्याकडे भाड्याने मिळतो तो लाल मात्र एकच: टेरिकॉटचा, लग्नाच्या बँडवाल्यांना शोभेल असा. दोष शिंप्याचा नाही. बनात विणून झाल्यावर ओल्यात मळून, आवळून दाट करतात. विणीचे धागे दिसेनासे होतात, कापलेली कड उसवत नाही, आणि पृष्ठभाग प्रकाश पिऊन टाकतो. पॉलिएस्टर तोच प्रकाश परत फेकते. म्हणून छटा अचूक जुळवली तरी दिव्याखाली कापड खोटे ठरते. सुटाची बारीक लोकर घ्यावी, तर तिची वीण उघडी दिसते. ब्लेझरचे जाड मेल्टन त्यातल्या त्यात जवळचे, पण महागडे.

ईस्ट इंडिया कंपनीने आणलेली बनात या हवेत सर्वसामान्यांच्या अंगावर फारशी चढली नाही. ती गेली झुलींना, खोगिरांना, पालख्यांना आणि मानाच्या नजराण्यांत. आपल्या निर्मात्यांनी त्या सगळ्या ठिकाणी मखमल घातली आणि कुणी हरकत घेतली नाही.

अलीकडे दुसरी खोड लागली आहे. भडकपणाची लाज वाटू लागली, म्हणून काळ जुना दाखवायला सगळेच मळकट तपकिरी करायचे. कपडा न अभ्यासता त्यावर चहाचे पाणी ओतण्याचाच हा प्रकार. जुने रंग फिके नव्हते. लाख, नीळ, कुसुंबा, हळद यांनी रंगवलेले ताजे कापड आजही डोळे दिपवते. हळद आणि कुसुंबा उन्हात लवकर उडतात, नीळ टिकते. म्हणजे एकाच मोहिमेवरच्या माणसांचे कपडे वेगवेगळ्या वेगाने विटायला हवेत. आपल्याकडे सगळे एकाच दिवशी विटतात.

‘गांधी’साठी 1983 साली कोल्हापूरच्या भानू अथय्यांना ऑस्कर मिळाले ते जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. मोलो लष्करी गणवेशांचे अभ्यासक होते. गणवेश हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, ही जाण त्या निवडीतच होती. मराठी निर्मितीत वेशभूषाकाराच्या शेजारी असा माणूस बसवायची रीत अजून पडलेली नाही. अंदाजपत्रकातला जिरेटोपाचा खर्च पाहता, पैसे नाहीत हे कारण मी मानायला तयार नाही.

घोंगडीच्या बाबतीत तर सबबच उरत नाही. दख्खनी मेंढी बहुतेक काळी. तिची वर्षातून दोनदा कातरणी होते, लोकर हाताने काततात, सणगर ती विणतात आणि चिंचोक्याची खळ लावतात. या काळ्या लोकरीवर लाल चढत नाही. रंगवायची तर पांढरी लोकर वेगळी काढावी लागते, म्हणून रंग आला तर काठाच्या रेघेपुरता. काळी लोकरही कायम काळी राहत नाही. उन्हातान्हात वापरलेल्या घोंगडीवर तांबूस झाक येते, आणि खांद्यावर येते तितकी घडीच्या आत येत नाही. पडद्यावरच्या मावळ्याच्या खांद्यावर मात्र कोळशासारखी एकरंगी, इस्त्रीची घडी पडलेली ॲक्रिलिकची चादर. शिवाजी महाराजांनी 1679 साली जालनापूर लुटले ते नोव्हेंबरात, थंडीच्या तोंडावर. त्या प्रसंगातली घोंगडी शोभेची नव्हे, रात्रीच्या गरजेची वस्तू आहे.

ती मिळवणे अवघडही नाही. जालन्यापासून सिंदखेडराजापर्यंतच्या पट्ट्यात धनगरांचे कळप आजही फिरतात, आणि लोकरीला भाव नाही म्हणून कातरलेली लोकर कित्येकदा टाकून दिली जाते. कपडेपटवाल्याने वापरलेल्या जुन्या घोंगड्या नव्यांच्या बदल्यात मागितल्या तरी बरेच साधेल. उन्हाने विटवण्याचे काम कुणीतरी दहा वर्षे आधीच करून ठेवलेले आहे. लाल बनातीसाठी पांढऱ्या लोकरीचे जाड कापड विणून घ्यावे, तुरटीचा हात द्यावा आणि शिपायासाठी मंजिष्ठेत, अधिकाऱ्यासाठी लाखेत बुडवावे. लाख कोचिनीलइतकी झळाळणार नाही, जरा जांभळ्याकडे झुकेल. चालेल; दोन लाल शेजारी उभे राहिले तरी प्रेक्षकाला हुकूम देणारा कोण ते कळेल.