आराखड्याची भाषा

नगराचा विकास आराखडा हा एक ग्रंथ समजून त्याची परीक्षा करावी, असें आम्ही म्हटलें तर पुष्कळ वाचकांस हंसूं येईल. रसिकानें काव्यनाटकें वाचावीं; नकाशे, कोष्टकें व नियमावली हीं कारकुनांनीं व कंत्राटदारांनीं वाचावीं, असा आपल्याकडील समज आहे. परंतु ज्या लेखनांतील एका शब्दाच्या फेरफारानें टेकडी राहते किंवा जाते, त्याहून परिणामकारक गद्य आमच्या पाहण्यांत फारसें नाहीं. शिवाय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यानें आराखड्याचा मसुदा लोकांपुढें ठेवून हरकती व सूचना मागविण्याचें बंधन घातलें आहे. म्हणजे या ग्रंथास वाचक अभिप्रेत आहे. तेव्हां निसर्गाचें मोल तो वाचकास कोणत्या भाषेंत सांगतो, हें पाहणें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें नाहीं.

उदाहरण मुंबईचेंच घेऊं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत मिठागरें, खाजणें, टेकड्या अशा भिन्न प्रकृतीच्या विस्तीर्ण जमिनींस एकच नांव होतें : ‘ना विकास क्षेत्र’. ही जमीन काय आहे हें न सांगतां तिच्यावर काय झालेलें नाहीं एवढेंच हें नांव सांगतें. एखाद्या गृहस्थाची ओळख ‘हे अद्याप वारले नाहींत’ अशी करून द्यावी, त्यांतलाच हा प्रकार. ऐकणारास पुढचें वाक्य आपोआप सुचतें. ज्या शहरांत सामान्य लोकांनीं चिंचपोकळी, उंबरखाडी, फणसवाडी अशीं नांवें रूढ केलीं, त्याच शहराच्या आराखड्यास जमिनीसाठीं नकाराखेरीज शब्द सुचूं नये, हें नवल आहे.

२०१८ सालीं मंजूर झालेल्या, २०३४ पर्यंतच्या आराखड्यानें हें नांव काढून टाकिलें आणि त्याच्या जागीं ‘नैसर्गिक क्षेत्र’, ‘हरित क्षेत्र’ व ‘विशेष विकास क्षेत्र’ अशीं नांवें आणिलीं. पहिल्याचें आम्ही मनापासून स्वागत करितों. तिवरांस व खाड्यांस त्यामुळें होकारार्थी ओळख तरी मिळाली. तिसऱ्याच्या नांवानें मात्र पूर्वीच्या ‘ना विकास’ जमिनींतला कांहीं भाग परवडणाऱ्या घरांसाठीं मोकळा झाला. घरांची निकड आम्ही नाकारीत नाहीं. आमची तक्रार तराजूविषयीं आहे. एका पारड्यांत चटईक्षेत्राचे व सदनिकांचे आंकडे, आणि दुसऱ्यांत नकाशावरचा हिरवा रंग. मग कोणतें पारडें जड होईल हें सांगावयास ज्योतिषी नको.

रंगाची ही मुकी भाषा किती महाग पडते, याचा अनुभव मुंबईनें घेतलेला आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांचें पाणी माहीमच्या खाडीकडे नेणाऱ्या मिठीचे कांठ भरावानें आवळले गेले आणि ती लोकांच्या बोलण्यांत नदीचा नाला झाली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां ती नदी होती हें घरांत शिरलेल्या पाण्यानें सर्वांस सांगितलें. इतका पाऊस कोणत्याही नगरास बुडवील, हें खरें. सारा दोष शब्दाचा, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु पाणी सामावून घेणें हें खाजणाचें काम आहे, एवढें एक वाक्य आराखड्यांत ठळक लिहिलेलें असतें, तर भरावास हरकत घेणारास हातीं धरावयास कांहीं तरी मिळालें असतें.

वृक्षांच्या बाबतींत कायद्यानें मोल सांगण्याचा यत्न केला आहे. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमांत २०२१ सालीं सुधारणा होऊन पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडास ‘वारसा वृक्ष’ म्हटलें गेलें, आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकीं रोपें लावण्याचा दंडक आला. यांत वयाचा मान राखला आहे, हें आम्ही कबूल करितों. तरीही ऐंशी वर्षांचा वड म्हणजे ऐंशी रोपें, हें समीकरण वाचतांना मन अडखळतें. ज्या पारावर गांवकी भरली, ज्याच्या फळांवर पांखरें जगलीं, त्या वडाची बेरीज रोपांनीं कशी व्हावी? आणि तीं रोपें भलतीकडेच लागलीं, तर वडाखालच्या लोकांस सांवली कोणी द्यावी?

दुसऱ्या तऱ्हेनें लिहितां येतें याचा पुरावाही आपल्यापाशीं आहे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वयें प्रत्येक स्थानिक संस्थेनें समिती नेमून लोकांच्या सल्ल्यानें जैवविविधतेची नोंदवही करावयाची असते. तींत झाडांचीं स्थानिक नांवें, त्यांचे उपयोग, लोकांचें पिढीजात ज्ञान यांस जागा आहे. ती उरकून टाकण्यासाठीं भरली गेली तर तिचेंही कोष्टकच होतें. परंतु कोळ्याला, गुराख्याला, वैदूला विचारून भरली तर मोल म्हणजे काय तें तींत दिसतें. दुर्दैव हें कीं नोंदवही एका कपाटांत राहते आणि आराखडा दुसऱ्या.

असो. पुढील आराखडे लिहिणारांस आमची विनंति लहान आहे. नकाशावर हिरवा रंग भरण्यापूर्वीं त्याच्याखालीं साध्या मराठींत एक वाक्य लिहावें : ही जमीन कोणतें पाणी धरते, हिच्यावर कोणाचें पोट चालतें, आणि ही गेली तर पाणी कोणाच्या घरांत शिरेल. तें वाक्य चुकलें तर नागरिक त्यावर हरकत घेतील. रंगावर हरकत ती काय घ्यावी?