शिरोरेषेखालचा रुपया

डिझाइनच्या पोर्टफोलिओत ‘प्रोसेस’ची पानं ठरलेली असतात: रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेली भिंत, पेन्सिलीची कच्ची चित्रं, बाण आणि शेवटी चकचकीत लोगो. यातली बरीच पानं काम संपल्यावर रचलेली असतात, हे आम्हा विद्यार्थ्यांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून एका विद्यार्थ्याचंच, पण तुमच्या फोनवर रोज दिसणारं काम तपासून पाहू: ₹.

डी. उदय कुमार पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये तमिळ अक्षररचनेवर पीएचडी करत होते. तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या, पाच निवडल्या गेल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने त्यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केलं. चिन्हाचा अर्थ असा सांगितला जातो: देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ, वर शिरोरेषा, आणि दोन रेषा व मधली पांढरी जागा म्हणजे तिरंगा.

यातला तिरंगा मला पटत नाही. कुठल्याही दोन रेषांमध्ये जागा उरतेच. भाजीच्या पाटीवर ‘₹ ४०’ वाचताना झेंडा कुणालाच आठवत नाही. पण त्याच दोन रेषा दुसरं काम चोख करतात. येन आणि युरोतही दोन आडव्या रेषा आहेत, त्यामुळे हे अक्षर नसून चलन आहे, हे डोळ्याला लगेच कळतं. शिरोरेषेची कल्पना त्याहून भक्कम आहे. हाताने ‘र’ काढा, वर रेघ ओढा, खाली आणखी एक: झालं. देवनागरी लिहिणाऱ्या हाताला नवं काही शिकावं लागलं नाही.

चिन्हाची ताकद इथे आहे, आणि उणीवही इथेच. शिरोरेषा बंगालीत आहे, पण तमिळमध्ये नाही, कन्नड-मल्याळममध्येही नाही. मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ ऐवजी तमिळ ‘रू’ वापरला आणि वाद पेटला. तमिळ अक्षरांचा अभ्यास करणाऱ्याच्या चिन्हात तमिळ वळण मात्र नाही. एका चिन्हात सगळ्या लिप्या मावणार नाहीत, हे कबूल. मग ‘सगळ्या देशाचं’ असं म्हणताना थोडं जपून म्हणावं.

यातून मी माझ्यापुरती पद्धत बांधली आहे. आकार आधी हाताने, भरभर, वीस वेळा लिहायचा. मग फोनवर बोटाच्या नखाएवढा करून बघायचा. मग तो स्पष्टीकरणाशिवाय कुणाला तरी दाखवायचा, शक्यतो माझी लिपी न वाचणाऱ्याला. त्याला जे दिसलं नाही, ते प्रोसेसच्या पानावर कितीही सुंदर लिहिलं तरी डिझाइनमध्ये नसतं. ₹ यातल्या पहिल्या दोन परीक्षा सहज पास होतो. तिसरीत थोडा अडखळतो, आणि शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.